डॅशबोर्डखालचा पांढरा ठिपका

बुधवार, १७ जानेवारी १९९६. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, सुरतेजवळ, चलथाणच्या अलीकडे, एका पांढऱ्या कॉन्टेसाने उसाने भरलेल्या बैलगाडीला मागून धडक दिली. धुकं होतं. बैलगाडीच्या मागे, मोळ्या घसरू नयेत म्हणून त्यांना हात लावून चालणारी सुंदरा नावाची ऊसतोडीवरची बाई मध्ये सापडली.

कॉन्टेसा चालवत होता भाईदास बोरसे, वय एकेचाळीस, राहणार डिंडोली. तो एकटाच होता. तो धर्मेंद्रशेठचा ड्रायव्हर. पलसाण्याला शेठचं कापड रंगवण्याचं प्रोसेस हाऊस होतं, तिथे रंगाच्या नमुन्यांची पेटी पोचवायची होती. धडकेनंतर तो पळाला नाही. गाडीवानाच्या मदतीने त्याने सुंदराला कॉन्टेसाच्या मागच्या सीटवर आडवं केलं, सुरतेच्या सरकारी दवाखान्यात आणलं आणि तिथून स्वतःच पोलीस चौकीवर गेला. जबाबात त्याने एवढंच सांगितलं की काच साफ करणारा हीटरचा पंखा अचानक बंद पडला, काचेवर आतून वाफ धरली आणि पुढचं काही दिसेना.

चौकीवर कोणालाच ते खरं वाटलं नाही. दोनच दिवसांपूर्वी उतराण झाली होती. अख्खी सुरत गच्चीवर पतंग उडवून जागली होती. ड्रायव्हर स्टिअरिंगवर झोपला असेल, असं जमादाराने सरळ सांगून टाकलं. शेठच्या मेहताजींना, म्हणजे मुनिमांनाही तेच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी अकराच्या सुमारास, हे मेहताजी, मगनभाई, ती कॉन्टेसा स्वतः चालवत भटू महाजनच्या शेडवर घेऊन आले. पंचनामा उरकून पोलिसांनी गाडी सोडली होती. डावा दिवा फुटला होता, मडगार्ड आत गेलं होतं. मागच्या सीटच्या कव्हरवर उसाचं पाचट तसंच पडलेलं होतं.

उधन्याहून डिंडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भटूची पत्र्याची शेड होती. वर पाटी होती, ‘खानदेश ऑटो इलेक्ट्रिक’. साक्री तालुक्यातून तो सुरतेला आला त्याला चौदा वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं कापडाच्या लूमवर काढली, मग वायरिंगचं काम शिकला. भाईदास त्याच्याच गावचा. धर्मेंद्रशेठच्या तिन्ही गाड्या भटूकडे येत त्या भाईदासच्या शब्दावर.

मगनभाईंनी स्टूल ओढून घेतलं. शेठचा निरोप त्यांनी नीट, एकेक बोट मोडत सांगितला. पंखा खरंच बिघडलेला असेल तर चूक गाडीची. मग कंपनीचा वकील भाईदासच्या बाजूने उभा राहील, नोकरीही राहील. पंखा ठीक असेल तर माणूस झोपला होता, आणि खोटंही बोलला. मग त्याचं त्याने बघावं. शनिवारी चौकीवर कागद द्यायचा आहे, तो भटूने आपल्या छापील कागदावर लिहून द्यावा.

“भटूभाई, तमे कहो ते खरूं,” ते म्हणाले.

तुम्ही म्हणाल ते खरं. भटूने मान हलवली आणि हात पुसले.

त्या गाडीत पंखा एकच होता. डॅशबोर्डखाली, डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या पायांच्या वर. उन्हाळ्यात तोच एसीची थंड हवा आत ढकलायचा, थंडीत तोच हीटरची गरम हवा काचेवर सोडायचा. भटूने नेहमीच्या क्रमाने तपासायला घेतलं. आधी फ्यूज काढून उजेडात धरला. शाबूत होता. मग दोन वायरी लावलेल्या बल्बने स्विचपर्यंत करंट येतो का पाहिलं. येत होता. स्विचच्या तिन्ही खाचांवर बल्ब पेटला, पहिल्या खाचेवर मिणमिणता, तिसऱ्यावर लख्ख. म्हणजे वेग कमीजास्त करणारी कॉइलही ठीक होती. मग त्याने इंजिन चालू केलं, हीटरचा दांडा सरकवला आणि स्विच फिरवला.

पंखा चालू झाला.

मगनभाई आत वाकले, काचेखालच्या जाळीवर हात धरला, मनगटावरचं घड्याळ बघत राहिले. एक मिनिटभर गरम हवा येत राहिली. एसीकडे दांडा सरकवल्यावर थंड हवा आली. त्यांनी हात काढून घेतला.

“चाले छे.”

“चालतोय,” भटू म्हणाला.

हे खोटं नव्हतं. त्या मिनिटाला पंखा चालतच होता.

उठता उठता मगनभाईंना डॅशबोर्डखाली, सामानाच्या कप्प्याच्या जरा खाली, रंगाचा एक ठिपका दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा. कधीकाळी पांढरा असावा, आता तेलकट काळा झालेला, कडेला तेवढी पांढरी किनार उरलेली. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं.

“खूण आहे,” भटू म्हणाला. “आतल्या स्क्रूची.”

हे मात्र खोटं होतं. मगनभाईंनी खिशातली छोटी वही काढली, त्यात दोन शब्द लिहिले आणि रिक्षा करून निघून गेले. गाडी दुरुस्तीला तिथेच राहिली.

भटूने पंखा बंद केला नव्हता. तो दाराशी उकिडवा बसला आणि ऐकत राहिला. पाच मिनिटं झाली, सात झाली. आठव्या मिनिटाला आवाज जरासा जड झाला. दहाव्या मिनिटाला कुठेतरी करपल्यासारखा वास आला. अकराव्याला पंखा थांबला. इंजिन चालू, फ्यूज शाबूत, बल्ब लख्ख, आणि पंखा थांबलेला. भटूने आत हात घातला. कुठे मारायचं ते त्याला बघावं लागलं नाही. त्या ठिपक्यावर त्याने तळहाताने थाप मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पंखा चालू झाला.

तो ठिपका त्यानेच काढला होता. दहा दिवसांपूर्वी, सोमवारी, ८ जानेवारीला. भाईदास सकाळी सकाळी आला होता. पंखा मध्येच थांबतो म्हणाला. भटू तेव्हा एका टेम्पोखाली होता. तो बाहेर आला, कॉन्टेसात वाकला, एक थाप मारली, पंखा चालू झाला. नंबरप्लेटवर आकडे काढायचा पांढरा रंग जवळच होता. त्यात बोट बुडवून त्याने ठिपका ठेवला आणि भाईदासला घरच्या बोलीत म्हणाला, “बंद पडना की आठेच मार. आते तूच डॉक्टर.” बंद पडला की इथेच मार, आता तूच डॉक्टर.

भाईदास हसला होता. गळ्यात नळी अडकवायला हवी आता, असं काहीतरी म्हणाला होता. मग दोघांनी कोपऱ्यावरचा अर्धा-अर्धा चहा घेतला होता.

भटूने आता तीन स्क्रू आणि दोन वायरी काढून मोटर खाली घेतली. पिंजऱ्यासारखं तिचं पंख्याचं चाक तसंच ठेवलं, मागचं झाकण उघडलं. आत लूमच्या आणि रंगखात्याच्या धुळीचा बारीक कापूस चिकटला होता, सुरतेतल्या प्रत्येक मोटरमध्ये असतो तेवढाच. पण बिघाड त्याचा नव्हता. मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे दोन ब्रश असतात, कोळशाचे तुकडे, स्प्रिंगने दाबून बसवलेले. ते खोबणीत अडकत होते. काळेकुट्ट होते. गाडीच्या मोटरचे खरे ब्रश असे दिसत नाहीत. त्यांच्यात तांबं मिसळलेलं असतं, उजेडात ते लालसर चमकतात. आणि या दोन्हींच्या बाजूंना कानशीचे तिरपे ओरखडे होते. डाव्या हाताने कानस चालवली की पडतात तसे.

शेडच्या त्या रस्त्यावर डावखुरा कारागीर एकच होता.

त्याला ऑक्टोबर आठवला. धनतेरसच्या आदला दिवस. शेडसमोर अकरा गाड्या उभ्या होत्या. शेठला सहकुटुंब सापुताऱ्याला जायचं होतं आणि एसीचा पंखा बंद. भटूने मोटर उघडली तर ब्रश झिजून संपलेले. खरे ब्रश मुंबईहून यायला चार दिवस लागले असते, ते दुकानही दिवाळीसाठी बंद व्हायच्या बेतात. शेजारच्या इमारतीत ड्रेस मटेरियलवाला होता. त्याच्याकडच्या कापड कापायच्या मशीनचे जादा कार्बन भटूने मागून आणले, कानशीने घासून मापात बसवले. सुरतेत हे सगळेच करतात. घरच्या विजेवर चालणारी मशीन करंट कमी खाते, तिथे हा कोळसा चालतो. बॅटरीवरची मोटर तेवढ्याच कामाला कितीतरी जास्त करंट ओढते, तिथे हा कोळसा तापतो, फुगतो, खोबणीत अडकतो. हे भटूला तेव्हाही माहीत होतं. दिवाळी झाली की गाडी आण, पंखा नीट बघून देतो, एवढंच तो भाईदासला म्हणाला होता.

भाईदास गाडी घेऊन आला होता. नोव्हेंबरात एकदा, डिसेंबरात दोनदा. दर वेळी शेडमध्ये दुसरी एखादी गाडी उघडून ठेवलेली होती. मुंबईला ब्रशची चिठ्ठी पाठवायची राहिली ती राहिलीच.

तो ब्रशकडे बघत बसला होता, हात मात्र आपलं काम करत होते. हे त्याला उशिरा लक्षात आलं. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्याने त्याने खोबणी पुसल्या होत्या. ब्रशच्या कडा फडक्यावर दोनदा घासल्या होत्या. फिरता भाग बारीक कागदाने चकचकीत केला होता. चौदा वर्षांत उघडलेली मोटर त्याने न पुसता कधी बंद केली नव्हती. त्याने फडकं बाजूला ठेवलं, ब्रश परत बसवले, झाकण लावलं आणि मोटर पिशवीत घातली. फडक्याचं तो तेव्हा तरी विसरून गेला.

संध्याकाळी सहा वाजता तो भाईदासच्या घरी गेला. भाईदासला दुपारी जामीन झाला होता. तो बनियनवर खाटेच्या कडेला बसला होता. त्याची बायको सुभद्राबाई दाराशी साड्यांचा ढीग मांडीवर घेऊन बारीक कात्रीने सुटे धागे कापत होती. हातातलं काम न थांबवता तिने भटूला बसायला सांगितलं, आणि मग थांबवलं.

“भटूभाऊ, तुम्हीच सांगा. हाई मानूस स्टेरिंगवर झोपनारा शे का?”

भटूने नाही म्हटलं. मगनभाई शेडवर येऊन गेल्याचं तिला कळलं होतं. तिने फार काही विचारलं नाही. भाऊच्या हातात गाडी आहे म्हटल्यावर काळजी नाही, एवढं म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

ती गेल्यावर भाईदास बोलला. हळू, जमिनीकडे बघत, एखाद्याला रस्ता सांगावा तसं.

“पंखा थांबना. काच पांढरी व्हयनी. मी वाकनू, हात मारा. दोनदा. तिसरांदा मारा नि पंखा सुरू व्हयना. तवयच धडकनू.” तो थांबला. “पंखा मग चालूच व्हता. काच साफ व्हयनी. तवय ती दिसनी.” पंखा सुरू झाला आणि धडक बसली ते एकाच वेळी; काच साफ झाल्यावर मग ती बाई दिसली.

भटूला वाटलं, आता सांगावं. ब्रशचं सांगावं. त्याने तोंड उघडलंही. पण भाईदासच पुढे म्हणाला, “ठिपकानं मी कोनलेच सांगं नही. तुनं नाव कोठेच लिधं नही. तुनं दुकान शे. बोर्डवर खानदेश लिखेल शे.”

ब्रेक दाबायचं सोडून त्याने पंख्यासाठी हात खाली नेला, हे पोलिसांना कळलं तर त्याच्यावरही येईल, हे भाईदासला ठाऊक होतं. पण त्याने ते लपवलं ते मुख्यतः भटूसाठी, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. आपल्याला लायसन आहे, उद्या एखादा टेम्पो चालवू, असं तो म्हणाला. दुकानावरून एकदा लोक उठले की परत येत नाहीत. पंखा बंद पडतो एवढं भटूने कागदावर लिहिलं की काम झालं. का बंद पडतो, ते कोण विचारणार?

म्हणजे भाईदासला ब्रश माहीतच नव्हते. पंखा जुना झाला म्हणून थांबतो, असं तो समजत होता. आणि भटूने सकाळी मगनभाईंना काय सांगितलं, तेही त्याला माहीत नव्हतं.

सुभद्राबाईने चहा आणला. आलं घातलेला, दूध जास्त. पाहुण्याला करतात तसा. भटूने तो संपवला, कप उपडा न ठेवता सरळ ठेवला, बघतो म्हणाला आणि उठला. दाराबाहेर त्याच्या चपला सुभद्राबाईने पाय पटकन जावा अशा फिरवून ठेवल्या होत्या.

घरी बायकोने, सुषमाने, ताट वाढलं. त्याने भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. पिशवीत मोटर कशाला आणलीस, घरात काय दुकान मांडायचंय का, असं तिने विचारलं. तिने पिशवीत डोकावून मोटर पाहिली, पंख्याच्या चाकाला बोट लावून फिरवलं आणि म्हणाली की ही तर छान फिरते. मग ताट उचलून नेलं.

शुक्रवारी त्याने शेड उघडली नाही. दहा वाजता तो दवाखान्यात गेला.

बायकांच्या वॉर्डात शिरायला पुरुषांना बंदी होती, पण त्या वेळी दाराशी कोणी नव्हतं. सुंदराची खाट खिडकीजवळ होती. वय पंचवीस-सव्वीस असेल. कंबरेचं हाड मोडलं होतं. पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाला वजन लटकवलं होतं. पाय चालेल की नाही हे तीन आठवड्यांआधी सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं भटूने बाहेरच्या नर्सकडून ऐकलं होतं. नवरा टोळीबरोबर परत तोडीवर गेला होता. एका कोयत्याला दोन माणसं लागतात. तिच्या जागी नणंद उभी राहिली होती.

भटूने केळी खाटेजवळच्या पेटीवर ठेवली आणि उभा राहिला. कोण, असं तिने विचारलं. बोली त्याच्याच भागातली होती. साक्रीच्या पलीकडची.

“गाडी दुरुस्त करनारा.”

“काय बिघडेल व्हतं?”

“पंखा.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. थट्टा करतोय की काय असं तिला वाटलं असावं.

“थंडीमा पंखा कसाले?”

मग भटूने तिला सांगितलं. थंडीत गाडीत बसलं की श्वासाने काचेवर वाफ धरते. ती वाळवायला गरम हवा लागते आणि ती हवा ढकलायला पंखाच लागतो. उन्हाळ्यात थंड हवेलाही तोच. तो थांबला की चालवणाऱ्याला पुढचं दिसत नाही. हे त्याने गाडीवाल्यांना हजारदा सांगितलं असेल, पण उभ्या जन्मात गाडीच्या पुढच्या सीटवर न बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच सांगत होता. तिने मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग विचारलं की आता नीट झाला का.

“नही अजून.”

“करा मंग,” ती म्हणाली. “पुन्हा कोनी चालत ऱ्हाई त्याना पुढे.”

ते रागाने म्हटलेलं नव्हतं. तिने मान वळवली आणि केळ्यांकडे हात नेला. तिचा हात पुरेना, तेव्हा भटूने एक सोलून तिच्या हातात दिलं.

शनिवारी, २० जानेवारीला, दुपारी चारला भटू चौकीवर पोचला. पिशवीत मोटर, दोन लांब वायरी, त्यांच्या टोकांना चिमटे. खिशात दुकानाच्या छापील कागदाची घडी. मगनभाई आधीच येऊन जमादाराच्या टेबलासमोर गाडीची कागदपत्रं मांडून बसले होते. त्यांनी कागदासाठी हात पुढे केला.

भटूने कागद त्यांना दिला नाही, जमादाराच्या पुढ्यात ठेवला. त्यावर सकाळी आपल्या हाताने सहा ओळी लिहिल्या होत्या. जमादाराला मराठी अक्षर लागेना, म्हणून भटूला ते तोंडी, मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगावं लागलं. पंखा अकरा मिनिटांनी थांबतो. त्यात मी चुकीचे ब्रश टाकलेत. थाप मारून चालू करायचं मीच त्याला शिकवलं, आणि कुठे मारायची त्याची खूणही मीच केली. तो झोपला नव्हता, तो माझ्या खुणेवर हात मारत होता.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

मगनभाईंनी चष्मा काढून पुसला. ते चिडले नव्हते. गुरुवारी त्यांच्यासमोर पंखा चालला, त्यांनी स्वतः घड्याळ लावून पाहिलं, भटू स्वतःच चालतोय म्हणाला, ठिपका स्क्रूचा म्हणाला, हे सगळं त्यांनी वही उघडून जमादाराला वाचून दाखवलं. मग वही मिटली.

“बेऊ एक ज गामना छे,” ते म्हणाले.

दोघं एकाच गावचे आहेत. आणि ते खरंच होतं. गावकीच्या माणसाला सोडवायला माणूस आपल्या अंगावर काहीही घेतो, हे जमादाराने नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं. त्याने विचारलं की ब्रश चुकीचे हे कशावरून. भटूने मोटर उघडून काळा रंग दाखवला, कानशीचे ओरखडे दाखवले. जमादाराने ते पाहिले आणि खांदे उडवले. काळं काय नि लाल काय. त्याला ओरखडे वाचता येत नव्हते. थांबते म्हणतोस ना, मग थांबवून दाखव.

चौकीच्या अंगणात पोलिसांची जीप उभी होती. तिचं बॉनेट उघडलं. भटूने झाकण लावून मोटर बाकावर ठेवली, चिमटे बॅटरीला लावले. चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. जमादार खुर्ची बाहेर घेऊन बसला. मगनभाईंनी घड्याळ काढून हातात धरलं.

मोटर फिरायला लागली. पिंजऱ्याच्या चाकाने बाकावरची धूळ उडवली. आवाज स्वच्छ होता, गुरुवारच्या शेडमधल्यापेक्षाही स्वच्छ. तो ऐकला आणि भटूला फडकं आठवलं.

पेट्रोलचं फडकं, पुसलेल्या खोबणी, घासलेल्या कडा. मोटर त्याने गुरुवारीच साफ केली होती. भाईदास जिच्यामुळे वाकला ती खोबणीतली काजळी शेडच्या कोपऱ्यात फडक्यावर होती. शिवाय इथे उघडा वारा होता. गाडीत ही मोटर बंद डब्यात, हीटरच्या गरम पाण्याच्या नळीशेजारी असायची. इथे ती तापायची कशी?

पाच मिनिटं झाली. भटूने गळ्यातला मफलर काढला आणि मोटरच्या मागच्या अंगाला गुंडाळला, चाक तेवढं मोकळं ठेवून. जमादाराला हसू आलं.

“अल्या, एने ताव आव्यो छे?”

हिला ताप आलाय का, असं तो विचारत होता. आजूबाजूचे दोन शिपाई हसले. भटूही ओशाळून हसला आणि मफलरची गाठ जरा आवळली. चौदा वर्षांत बंद मोटर चालू व्हावी म्हणून त्याने काय काय केलं होतं. चालू मोटर बंद पडावी म्हणून तो पहिल्यांदाच बसला होता. त्याने मफलरवर हात ठेवला. कोमट होता. त्याहून जास्त नाही.

अकरा मिनिटं झाली. चार बत्तीस. मोटर चालू होती. भटू म्हणाला की अजून पाच मिनिटं. मगनभाईंनी काही हरकत घेतली नाही. त्यांनी फक्त कागदपत्रं एकावर एक रचून रबर लावला.

चार पस्तीसला भाईदास फाटकाशी आला. जामिनाच्या अटीप्रमाणे त्याला रोज संध्याकाळी सही करायला यायचं होतं. त्याने अंगण पाहिलं, जीप पाहिली, बाकावर मफलर गुंडाळलेली मोटर पाहिली, तिच्यासमोर उकिडवा बसलेला भटू पाहिला. त्याला काय समजलं आणि किती, ते सांगता येणार नाही. तो आत आला नाही. फाटकाच्या खांबाला हात लावून उभा राहिला. भटूने एकदा वर पाहिलं आणि मग पुन्हा खाली.

आवाज जरा जड झाल्यासारखा वाटला. भटूने कान जवळ नेला. रस्त्यावरून ट्रक गेला, त्याच्या आवाजात काही कळेना. ट्रक गेल्यावर परत ऐकलं. जड होता, की त्याला तसा हवा होता म्हणून वाटत होता, हे चौदा वर्षं मोटरी ऐकलेल्या माणसालाही ठरवता आलं नाही.

जमादार खुर्चीतून उठला. त्याच्या टेबलावर, आत, दोन कागद होते. एक मगनभाईंच्या हस्ताक्षरातला, पंखा ठीक असल्याचा, खाली भटूच्या सहीसाठी जागा सोडलेला. दुसरा भटूचा, सहा ओळींचा, सही केलेला. दोन्हींपैकी एकही अजून फाइलला लागला नव्हता.

चार वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली. मोटर चालू होती.